टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांचा चष्मा आणि आजच्या खेळाडूंसाठी रात्रीच्या लेन्स

न्यूयॉर्कमध्ये जिथे अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धा भरते, तिथल्या सर्वांत मोठ्या स्टेडियमला आर्थर अ‍ॅश यांचे नाव आहे. त्यांची १९६० च्या दशकातील छायाचित्रे पाहिली तर आधी नजरेत भरतो तो त्यांचा चष्मा. १९७५ साली विम्बल्डनचा चषक हातात घेतलेल्या छायाचित्रात मात्र चष्मा दिसत नाही. मधल्या काळात त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स वापरायला सुरुवात केली होती.

चष्मा लागलेल्या आणि खेळाची आवड असलेल्या मुलांचे पालक हल्ली एका वेगळ्या लेन्सबद्दल विचारतात. ही लेन्स रात्री झोपताना घालायची, सकाळी काढायची आणि दिवसभर चष्म्याशिवाय खेळायचे. तिला ऑर्थोकेराटोलॉजी किंवा थोडक्यात ऑर्थो-के म्हणतात. तिचे फायदे आणि धोके समजून घ्यायला अ‍ॅश यांचे आयुष्य चांगले उपयोगी पडते. चष्मा आणि दिवसाच्या लेन्स हे दोन्ही पर्याय वापरून ते सर्वोच्च पातळीवर खेळले, आणि तिसरा पर्याय त्यांच्या हयातीत प्रयोगाच्या अवस्थेत होता.

मैदानातले घर

अ‍ॅश यांचा जन्म १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहरात झाला. त्या काळी तिथे शाळा, बस, बागा, सगळीकडे गोरे आणि काळे असा भेद कायद्याने पाळला जाई. वडील कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेल्या ब्रूक फील्ड या मैदानाची देखभाल करत आणि कुटुंब तिथेच राहत असे. घराबाहेर पाऊल टाकले की समोर टेनिस कोर्ट. आर्थर सहा वर्षांचा असताना आई गर्भारपणातील गुंतागुंतीने वारली. धाकटा भाऊ त्याच्याहून पाच वर्षांनी लहान होता. मुलगा अंगाने काटकुळा, अभ्यासू आणि शांत. वडिलांची शिस्त कडक होती.

मैदानावर शिकवणाऱ्या रॉन चॅरिटी या तरुण खेळाडूने त्याच्या हातात रॅकेट दिली आणि पुढे त्याला लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेले. हे जॉन्सन म्हणजे आमच्यासारखेच जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. घरामागे स्वतःचे टेनिस कोर्ट होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कृष्णवर्णीय मुलांना तिथे ठेवून घेऊन शिकवत. विम्बल्डन जिंकणाऱ्या अल्थिया गिब्सन यासुद्धा त्यांच्याच शिष्या. हात आणि डोळा यांचा मेळ बसावा म्हणून ते मुलांना झाडूच्या दांड्याने चेंडू मारायला लावत. दवाखाना सांभाळून इतके करणाऱ्या या माणसाचे मला फार कौतुक वाटते.

जॉन्सन यांचा एक नियम होता. रेषेजवळ पडलेला चेंडू किंचित बाहेर असला तरी आत धरायचा आणि खेळायचा. पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूच्या चेंडूचा निर्णय खेळाडूच देतो. गोऱ्यांच्या स्पर्धेत काळ्या मुलाने तसा निर्णय दिल्यावर भांडणाला निमित्त मिळू नये, हा त्यामागचा हेतू. अ‍ॅश यांचा कोर्टवरचा संयम पुढे जगभर नावाजला गेला, त्याची मुळे या नियमात आहेत.

चष्मा लावून जिंकलेली स्पर्धा

रिचमंडमध्ये हिवाळ्यात कृष्णवर्णीय मुलांना बंदिस्त कोर्ट मिळत नसे, म्हणून शाळेचे शेवटचे वर्ष त्यांनी सेंट लुइसला काढले. नंतर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. १९६३ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिस कप संघात निवड झालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १९६६ मध्ये पदवी घेऊन ते सैन्यात दाखल झाले.

या सगळ्या काळात त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता. लांबचे धूसर दिसणे, म्हणजे मायनस नंबर, यात डोळ्याचा गोळा नेहमीपेक्षा थोडा लांब असतो किंवा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, जास्त वक्र असतो. त्यामुळे प्रकाश आतल्या पडद्यावर, रेटिनावर, न पडता त्याच्या थोडा आधीच एकवटतो. नंबर मायनस दोन असेल तर अर्ध्या मीटरच्या पलीकडचे सगळे चष्म्याशिवाय कमी-अधिक पुसट दिसते. टेनिस कोर्टची लांबी सुमारे २४ मीटर आहे. समोरून आलेली वेगवान सर्व्हिस साधारण अर्ध्या सेकंदात आपल्यापर्यंत पोहोचते. चेंडू कुठून सुटला, कसा फिरतोय, हे त्यातल्या पहिल्या काही क्षणांत कळावे लागते.

चष्म्याने नजर स्पष्ट होते, पण खेळताना त्याच्या अडचणी येतातच. घाम काचेवर ओघळतो, दमट हवेत वाफ धरते, फ्रेम नाकावरून घसरते. फ्रेमबाहेरचे धूसरच राहते. सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला किंवा डोक्यावरून आलेला चेंडू पाहायला मान वर केली, की नजर काचेच्या कडेने जाते आणि नंबर मोठा असेल तर तिथून चेंडूची जागा किंचित सरकल्यासारखी दिसते. मायनस काचेतून वस्तू थोड्या लहानही दिसतात.

तरीही ९ सप्टेंबर १९६८ रोजी फॉरेस्ट हिल्स येथे पहिल्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या टॉम ओक्कर यांना पाच सेटमध्ये हरवून अ‍ॅश विजेते झाले. पहिलाच सेट १४-१२ असा लांबला होता. त्या वेळी ते सैन्यात लेफ्टनंट आणि हौशी खेळाडू होते, त्यामुळे १४,००० डॉलरचे बक्षीस त्यांना घेता आले नाही. ते ओक्कर यांना मिळाले आणि अ‍ॅश यांना रोजचा भत्ता तेवढा मिळाला. चष्मा आहे म्हणून मुलगा मोठा खेळाडू होणार नाही, अशी भीती वाटणाऱ्या आईवडिलांना मी हा सामना आवर्जून सांगतो.

दिवसाच्या लेन्स आणि विम्बल्डन १९७५

१९७० मध्ये अ‍ॅश यांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदामुळे त्यांना दोनदा व्हिसा नाकारला होता. १९७३ मध्ये तो मिळाला, तेव्हा तिथे जाऊन ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि दुहेरीचे विजेतेपद त्यांनी ओक्कर यांच्यासोबतच मिळवले.

याच दशकात त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स स्वीकारल्या. त्या वेळचे चित्र आजच्यापेक्षा वेगळे होते. जुन्या कडक लेन्स अशा प्लास्टिकच्या असत की त्यातून हवेतला ऑक्सिजन आरपार जात नसे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः थेट हवेतून घेतो, म्हणून अशा लेन्स फार वेळ घातल्या की डोळा दुखू लागे. पाणी शोषणाऱ्या मऊ लेन्सचा शोध चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टरले यांनी लावला आणि अमेरिकेत त्यांना १९७१ मध्ये मान्यता मिळाली. लेन्समुळे फ्रेमची अडचण गेली, कडेची नजर मोकळी झाली. त्या बदल्यात धूळ, वारा, कोरडेपणा आणि ऐन खेळात लेन्स सरकण्याची शक्यता आली.

५ जुलै १९७५ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात समोर गतविजेते जिमी कॉनर्स होते, बावीस वर्षांचे आणि जबरदस्त ताकदीचे. अ‍ॅश बत्तिशीला टेकले होते आणि ते हरणार असेच बहुतेकांना वाटत होते. कॉनर्स यांना वेगवान चेंडू आवडतो हे ओळखून त्यांनी वेगच काढून टाकला. हळू आणि खाली राहणारे फटके, बाजूला वळणारी सर्व्हिस, डोक्यावरून उंच चेंडू. बाजू बदलताना मिळणाऱ्या मिनिटभरात ते खुर्चीवर डोळे मिटून बसत. ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा विजय मिळवून ते विम्बल्डन एकेरी जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष ठरले.

हा सामना त्यांनी लेन्समुळे जिंकला, असे म्हणणे चुकीचे होईल. नजर चष्म्याने ६/६ होत असेल तर लेन्सनेही ती साधारण तेवढीच होते. लेन्सचा फायदा वावरण्यातल्या मोकळेपणाचा आहे. ऑर्थो-केबद्दलही हेच लागू पडते. खेळ सुधारण्याची हमी देऊन कोणी ही लेन्स विकत असेल तर सावध व्हा.

रात्रीची लेन्स काय करते?

लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलून नंबर कमी करण्याची कल्पना १९६२ मध्ये शिकागोचे जॉर्ज जेसन यांनी मांडली, म्हणजे अ‍ॅश कॉलेजात असताना. तेव्हाच्या लेन्स कडक होत्या, जाग्यावर नीट बसत नसत आणि परिणामाचा भरवसा नसे. पुढे कॉर्नियाचा नकाशा काढणारी यंत्रे, उलट वक्रतेच्या लेन्स आणि ऑक्सिजन भरपूर आरपार जाऊ देणारे साहित्य आले, तेव्हा ही पद्धत उभी राहिली. अमेरिकेत रात्री वापरायच्या अशा लेन्सला २००२ मध्ये मान्यता मिळाली.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम कॉर्निया करतो. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि त्यावरचा पेशींचा थर साधारण ५० मायक्रॉन. रात्री सात-आठ तास लेन्स घातली की तिच्याखालच्या अश्रूंच्या पातळ थराच्या दाबाने मधला पेशीथर किंचित पातळ होतो आणि भोवतालचा थोडा जाड होतो. हा बदल काही मायक्रॉनचाच असतो, पण त्याने कॉर्निया मध्यभागी चपटा होतो आणि प्रकाश मागे रेटिनावर पडू लागतो. पहिल्या रात्रीनंतरच फरक जाणवतो. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. तोवर संध्याकाळी नजर पुन्हा धूसर होऊ शकते, म्हणून महत्त्वाच्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ही लेन्स सुरू करू नये.

लेन्स बंद केली की काही दिवसांत ते काही आठवड्यांत डोळा जवळपास पूर्ववत होतो. शस्त्रक्रियेपेक्षा हा मोठा फरक आहे. लेसरने नंबर काढायचा तर वय १८ च्या पुढे आणि नंबर स्थिर असावा लागतो. शाळकरी खेळाडूला तो मार्ग बंदच असतो. साधारणपणे मायनस सहापर्यंतच्या नंबरला रात्रीची लेन्स वापरतात, पण चारच्या आतल्या नंबरला निकाल अधिक चांगला मिळतो. तिरपा नंबर जास्त असेल, डोळे फार कोरडे असतील किंवा कॉर्निया शंकूसारखा पुढे येत असेल तर ती देत नाहीत.

कोणत्या खेळाडूला तिचा खरा उपयोग? ज्याला चष्मा लावताच येत नाही आणि दिवसाची लेन्स टिकत नाही, त्याला. पोहणाऱ्याला, कारण पाण्यात लेन्स घालून उतरणे धोक्याचे आहे. कुस्ती, कबड्डी, ज्युदो खेळणाऱ्याला, कारण तिथे पकडीत लेन्स निसटते. मातीच्या मैदानावर खो-खो खेळणाऱ्याला, उन्हातान्हात सायकल चालवणाऱ्याला. शिवाय मुलांमध्ये या लेन्समुळे डोळ्याची लांबी वाढण्याचा, म्हणजे नंबर वाढण्याचा वेग कमी होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. वेग कमी होतो, वाढ पूर्ण थांबेलच असे नाही.

आता दुसरी बाजू. कॉर्नियाचा चपटा केलेला भाग मर्यादित असतो. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा कडेचा प्रकाशही आत येतो आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. फ्लडलाइटखाली क्रिकेट किंवा फुटबॉल खेळणाऱ्याने हे आधीच डॉक्टरांना सांगावे. दुसरे म्हणजे, डोळा आतून लांबच असतो. मोठ्या मायनस नंबरमध्ये रेटिना पातळ असतो आणि फाटण्याचा धोका जास्त असतो. चष्मा सुटला म्हणून तो धोका सुटत नाही, त्यामुळे डोळ्याला मार बसू शकणाऱ्या खेळात रेटिनाची तपासणी चालूच ठेवावी लागते. आणि चष्मा नसलेला डोळा उघडा असतो. बॅडमिंटनचे शटल किंवा स्क्वॉशचा चेंडू डोळ्याच्या खोबणीत नेमका बसतो. असे खेळ खेळणाऱ्यांनी नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा लावावा, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा. बंद पापणीखाली रात्रभर लेन्स राहते, ऑक्सिजन कमी मिळतो, आणि हात किंवा लेन्सची डबी अस्वच्छ असेल तर कॉर्नियावर जखम होऊन पांढरा डाग कायमचा राहू शकतो. २००० सालाच्या आसपास चीन, तैवान या भागांतून मुलांमधले असे बरेच गंभीर रुग्ण नोंदवले गेले. पुरेशा प्रशिक्षणाशिवाय लेन्स बसवणे आणि त्या नळाच्या पाण्याने धुणे ही त्यातली ठळक कारणे. नंतर अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत वर्षाला दर दहा हजार वापरणाऱ्यांमागे सुमारे ८ जणांना असा संसर्ग आढळला, मुलांमध्ये १४ च्या आसपास. आकडा लहान आहे, पण ज्याच्या डोळ्याला होतो त्याची नजर जाऊ शकते.

म्हणून लेन्सला नळाचे, बोअरचे, फिल्टरचे, कोणतेच पाणी लावायचे नाही. डबी दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची. ताप किंवा सर्दी असताना, डोळा लाल असताना लेन्स घालायची नाही. डोळा दुखला, उजेड सहन होईना, पाणी येऊ लागले किंवा नजर धूसर झाली तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचे. आमच्याकडे लाल डोळा घेऊन येणारी मुले रात्री लेन्स घालतात हे पुष्कळदा विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण दिवसा डोळ्यात काही नसते. फॅमिली डॉक्टरला हे आपणहून सांगा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ड्रॉप्स आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते.

लेन्सची किंमत चष्म्याच्या कितीतरी पट असते, ती ठरावीक काळाने बदलावी लागते आणि तपासण्या वर्षभर चालतात. स्वच्छता पाळायला कोणी मोठे माणूस घरात लक्ष देणार नसेल, तर माझा सल्ला साधा खेळाचा पट्टीवाला चष्मा किंवा रोज फेकून द्यायच्या दिवसाच्या लेन्स यांचाच असतो.

हृदय आणि रक्त

अ‍ॅश यांच्या पुढच्या आयुष्यात डोळ्यांचा संबंध उरत नाही, पण रुग्ण आणि नातेवाईक म्हणून तो भाग वाचण्यासारखा आहे. १९७७ मध्ये त्यांनी छायाचित्रकार जीन मूटोसामी यांच्याशी लग्न केले. ३१ जुलै १९७९ रोजी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ३६, सडपातळ बांधा, जगातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी एक. पण वडिलांनाही हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. खेळाडू मुलाची फिटनेस तपासणी करताना नजर आणि वजन पाहतात, घरातल्या हृदयविकाराची चौकशी मात्र राहून जाते. ती आपणहून सांगितली पाहिजे.

डिसेंबर १९७९ मध्ये चार रक्तवाहिन्यांची बायपास झाली. १९८० मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली आणि डेव्हिस कप संघाचे कर्णधार म्हणून १९८१ व १९८२ मध्ये अमेरिकेला विजेतेपद मिळवून दिले. १९८३ मध्ये दुसरी बायपास झाली, तेव्हा त्यांना रक्त चढवावे लागले. त्या वेळी रक्तातील एचआयव्ही शोधणारी चाचणीच नव्हती, ती १९८५ मध्ये आली. सप्टेंबर १९८८ मध्ये त्यांचा उजवा हात, रॅकेट धरायचा हात, अचानक निकामी झाला. मेंदूची शस्त्रक्रिया झाली, टोक्सोप्लाझ्मा हा संसर्ग सापडला आणि त्यातून एचआयव्हीचे निदान झाले. ज्या उपचाराने हृदय वाचले त्याच उपचारातून हा विषाणू आला होता. आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची तपासणी होते आणि गरज असेल तेव्हा रक्त घ्यायला घाबरण्याचे कारण नाही.

मुलगी कॅमेरा तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. कुटुंबाने ही गोष्ट खासगी ठेवली. त्याच वर्षी त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचा तीन खंडांतला इतिहास प्रसिद्ध केला. ८ एप्रिल १९९२ रोजी, एक वृत्तपत्र बातमी छापण्याच्या बेतात आहे हे कळल्यावर, त्यांनी स्वतः पत्रकारांसमोर येऊन आजार जाहीर केला. रुग्णाचा आजार कोणी आणि केव्हा सांगायचा, यावर अमेरिकेत तेव्हा मोठा वाद झाला. मला स्वतःला त्यात वृत्तपत्राची बाजू कधीच पटली नाही.

उरलेले दहा महिने त्यांनी एड्सविषयी बोलण्यात आणि निधी जमवण्यात घालवले. शहरातल्या गरीब वस्त्यांच्या आरोग्यासाठी ब्रुकलिनमध्ये संस्था सुरू केली. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूमोनियाने न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, वयाच्या ४९ व्या वर्षी. पार्थिव रिचमंडला, व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानी ठेवले गेले आणि हजारो लोक दर्शनाला आले. त्याच शहरात १९९६ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यात एका हातात रॅकेट, दुसऱ्या हातात पुस्तके आणि भोवती मुले आहेत.